उशिरा पोहोचलेला वाचक

बालपणी आपल्याच माणसांच्या हातून जे सोसावे लागले ते एखाद्याने प्रौढ वयात ग्रंथरूपाने लोकांपुढे ठेवले म्हणजे त्या ग्रंथाच्या वाचकाने नेमकी कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेचा म्हणून आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला असला तरी मला तो मुळात धर्मविचाराचा प्रश्न वाटत आला आहे. असे पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडते ते बहुधा शैलीविषयी किंवा रचनेविषयी नसते; दैव, मातापित्यांचे ऋण, ईश्वराचा न्याय आणि क्षमा यांविषयीचे ते असते. ज्याने मार खाल्ला त्याने फक्त हकीकत सांगितलेली असते, तत्त्वज्ञान सांगतो तो वाचक.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन ग्रंथालीने १९९४ साली प्रसिद्ध केले. तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्म, नावापुढे लावायला बाप नाही, आई दुसऱ्याच्या आश्रयाला गेल्यामुळे आजोळी वाढणे, तेथील मारहाण, उपासमार आणि राबणूक, पुढे आईजवळ राहायला गेल्यावर तेथेही वाट्यास आलेला जाच, आणि या सर्वांतून वाट काढीत मिळविलेली वैद्यकीची पदवी, असा त्याचा विस्तार आहे. लेखकाने बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. २००७ साली, पस्तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, अपघातात त्यांचा अंत झाला. पुस्तक निघाले तेव्हा पांढरपेशा वाचकांनी त्याचे कौतुक केले आणि लेखकाच्या समाजातील काहींनी घरचे चव्हाट्यावर मांडल्याचा राग धरला, हे सर्वश्रुतच आहे.

मला मात्र येथे त्याहून लहान प्रमाणावरच्या प्रतिसादांविषयी बोलायचे आहे. महाडच्या एका वाचनालयातील या पुस्तकाची प्रत माझ्या हाती आली ती पोलादपूरकडच्या एका वर्गणीदाराकडून. २०२१ च्या जुलै महिन्यात सावित्री नदीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले त्या वेळी ती परत करावयाची त्यांच्याकडून राहून गेली होती, म्हणून ती वाचली. (मुदत चुकविणाऱ्या वर्गणीदारांचे असे उपकार कोणत्याही ग्रंथालयाच्या अहवालात नमूद होत नाहीत.) या प्रतीच्या पानांच्या कडांना निरनिराळ्या हातांनी शिसपेन्सिलीने लिहिलेले शेरे आहेत. मारहाणीच्या एका प्रसंगापाशी, टोकदार आणि सराईत अक्षरात, ‘पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!’ असे आहे. आईविषयीच्या पानावर, प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढून, ‘जन्मदात्रीबद्दल असे लिहिणे शोभत नाही’ असे बजावले आहे. शेवटाकडे, जेथे मुलगा वैद्यकीच्या परीक्षेत पार पडतो तेथे, कोणी मोठ्या समाधानाने ‘देवाने भरपाई केली’ असे लिहून खाली सही ठोकावी तसा फराटा ओढला आहे. आणि एका पानाच्या कडेला नुसती उभी रेघ आहे, वरच्या ओळीपासून तळापर्यंत, पेन्सिल दाबून काढलेली. तिच्याशेजारी एक अक्षरही नाही.

भरपाईच्या शेऱ्याचा निकाल लवकर लावता येतो. जो तरला त्याचेच पुस्तक निघते. जो तरला नाही त्याच्या नावाने कोणत्या ईश्वराने काय भरपाई जमा केली याची वही कोणी पाहिलेली नाही. शिवाय मार खाल्ला म्हणून मूल घडले, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, आणि त्याला खतपाणी घालण्यात आपल्या सर्वांच्या लाडक्या पुस्तकांचाही वाटा आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला जायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिमटीने झोडपते, आणि तीच आई मागाहून त्याच्या वळांनी व्याकूळ होते. १९३५ सालापासून महाराष्ट्र त्या प्रकरणावर रडत आला आहे, आणि त्या रडण्यात खोटे काही नाही. पण श्यामच्या पालगडच्या त्या एका घरातील माया गृहीत धरून आपण पुढे सगळ्याच घरांतील वळ वाचू लागलो, हे बरे झाले नाही. ज्या घरी वळांना तेल लावणारे कोणी नव्हते त्या घरचे पुस्तकही वाचक नकळत श्यामच्या चष्म्यातून वाचतो आणि नसलेली माया कोठून तरी हुडकून काढतो.

पूर्वजन्मीच्या भोगांचा शेरा याहून बळकट आहे, कारण त्याच्या पाठीशी दर्शनशास्त्र उभे आहे असा लिहिणाऱ्याचा विश्वास असतो, आणि तो विश्वास सर्वस्वी निराधार नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांनी हाच पेच घेतला आहे. ईश्वर जर सृष्टीचा कर्ता, तर कोणाला जन्मतः सुख आणि कोणाला जन्मतः दुःख देणाऱ्या त्या कर्त्यावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा दोष येतो, असा पूर्वपक्ष मांडून, जीवांच्या धर्माधर्मावर दृष्टी ठेवूनच ईश्वर हे सारे करतो, सबब त्याच्याकडे दोष नाही, असे उत्तर त्यांनी दिले. आणि भाष्यकार शंकराचार्यांनी त्यावर पर्जन्याचा दृष्टान्त दिला, की पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, पिकांत जो भेद दिसतो तो ज्या त्या बीजाच्या सामर्थ्यामुळे. युक्तिवाद रेखीव आहे, आणि आचार्यांनी तो कोणत्या खटल्यात केला हे लक्षात ठेवले तर मला त्याविरुद्ध फारसे काही म्हणायचेही नाही. त्या खटल्यात आरोपी ईश्वर होता. पोराला झोडपणारा घरचा माणूस तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता, साक्षीदार म्हणूनही त्याला कोणी पुकारले नव्हते. आमच्या पेन्सिलवाल्या वाचकाने केले ते हे, की ईश्वराच्या नावे मिळालेला निर्दोषत्वाचा दाखला त्याने परस्पर त्या झोडपणाऱ्याच्या नावावर चढविला.

पावसाचा दृष्टान्त आम्हा महाडकरांपुढे कोणी दिला तर तो आम्ही जरा निराळ्या कानांनी ऐकतो. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पाऊस सगळ्या डोंगरांवर सारखाच कोसळत होता. मागाहून पंचनामे झाले, डोंगराचा उतार, मातीची जात, पावसाचे मान, वस्तीची जागा यांचा विचार झाला, पुनर्वसनाच्या तजविजी झाल्या. कारणाच्या रकान्यात ‘पूर्वकर्म’ असे कोणी तलाठ्याने लिहिले असते तर त्याच दिवशी त्याला कचेरीतून घरी पाठविले असते. डोंगर कोसळला तर जे कारण लिहायला आपण धजत नाही, ते माणसाचा हात कोसळला की इतक्या सहजपणे पानाच्या कडेला कसे उतरते?

आपल्या परंपरेत दुसऱ्याने दिलेल्या दुःखासाठी वेगळा रकाना नव्हता असेही नाही, आणि तो पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. महाडपासून जवळच शिवथरची घळ आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली ती शोधून काढली, आणि समर्थांनी दासबोध तेथे सिद्ध केला असे मानले जाते. त्या दासबोधाच्या तिसऱ्या दशकात जन्मापासूनच्या दुःखांचे वर्णन केल्यानंतर समर्थ त्रिविध तापांची विभागणी करतात: देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या ठायी उद्भवणारा तो आध्यात्मिक, अन्य भूतमात्रांच्या संबंधाने होणारा तो आधिभौतिक, आणि आपल्या कर्माबद्दल मरणोत्तर यमाच्या हातून भोगावा लागणारा तो आधिदैविक. पायात मोडलेल्या काट्यापासून दुसऱ्याच्या हातच्या छळापर्यंत सारे त्यांनी मधल्या कोष्टकात घातले. या वर्गीकरणाने पुनर्जन्माचा सिद्धान्त मोडत नाही, समर्थांचा तसा हेतूही नव्हता. पण कर्मदंड आणि परपीडा या दोन बाबी निराळ्या लिहिण्याइतके हिशेबनीस ते होते, आणि दर गुरुवारी दासबोधाचे पारायण करणारा आमचा वाचक त्या दोन्ही एकाच खात्यात टाकून मोकळा होतो.

बौद्ध वाङ्मयाने ही गोष्ट याहूनही उघड सांगितली आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकृतामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात ते कसे? त्यावर पित्त, कफ, वात, ऋतुमान, दुसऱ्याकडून झालेला आघात अशी कारणे एकामागून एक सांगून बुद्ध कर्मविपाकाला त्या यादीत शेवटचे, अनेकांतले एक, असे स्थान देतो. आणि सर्व काही पूर्वकर्माच्या माथी मारणारे स्वतःला ठाऊक असलेल्या आणि लोकात सत्य मानलेल्या मर्यादेपलीकडे धावतात, असा अभिप्राय देतो. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर निघालेल्या ग्रंथात हा धागा पुढे नेला: गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दीनदुबळ्यांच्या स्थितीबद्दलच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला सुटका मिळवून देण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. महाडचा रहिवासी हे वाक्य ग्रंथात वाचत नाही, तो ते चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर वाचतो. १९२४ सालीच नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी तेथे पाणी पिणाऱ्यांना काठ्या बसल्या, आणि मग तळ्याची शुद्धी करण्यात आली. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाजवळ मार खाणाऱ्याच्या पूर्वजन्माची माहिती तयार होती.

ज्या परिषदेतून लोक त्या तळ्यावर गेले तिच्या मुख्य संयोजकांपैकी एक रामचंद्र बाबाजी मोरे. महाड तालुक्यातील लाडवली येथे १९०३ साली जन्मलेले आणि दासगावी वाढलेले मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते झाले, आणि त्यांचे अपुरे राहिलेले आत्मचरित्र १९७२ साली ते वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी लोकांपुढे आले. त्यात त्यांच्या शाळाप्रवेशाची हकीकत आहे. शिष्यवृत्ती मिळविलेल्या या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून घेतले जाईना, तेव्हा त्याने वर्तमानपत्राकडे पत्र धाडले. ते छापून आले, सरकारी अनुदान जाईल अशी धास्ती शाळेच्या चालकांना पडली, आणि मुलाला प्रवेश मिळाला, तोही इतरांपासून वेगळे बसवून.

मला या हकीकतीत वारंवार थांबावेसे वाटते. कारण ते पत्र हेच वास्तविक त्या मुलाचे पहिले आत्मकथन होते, आणि त्याला जो प्रतिसाद मिळाला तो वाचकाच्या प्रतिसादाचा एक दुर्मिळ नमुना आहे. पत्र वाचणाऱ्यांत मुलाच्या संचिताची चिकित्सा करणारे कोणी नसतील असे मी म्हणत नाही. त्यांचा त्याला काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो अनुदानाच्या अटी ठाऊक असलेल्या, लालित्याशी कर्तव्य नसलेल्या दफ्तरी माणसांच्या धाकाचा. आणि तोही अर्धाच झाला, कारण दार उघडले तरी बसायची जागा वेगळीच राहिली. ती बदलण्यासाठी त्या मुलाला चोविशीत स्वतःच परिषद भरवावी लागली.

येथे एका आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे, आणि आक्षेप हलका नाही. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर एक वृद्ध बाई आहेत, ज्यांना सारी वाडी आत्या म्हणते. सावत्र आईच्या हाताखाली त्यांचे बालपण कसे गेले ते त्यांनी मला एकदा चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता, कोणतीही आसवे न गाळता सांगितले. मनगटावरचा तापल्या उलथन्याचा डाग दाखविला, आणि भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, ‘माझं होतं ते मी भोगलं, भाऊ. फिटलं ते. आता कुणाचं काय ऱ्हायलं नाय.’ या वाक्यात कर्मविपाकाचा सिद्धान्त पुरेपूर भरलेला आहे. मी त्यांना काय सांगावयाचे होते? की आत्या, हा सिद्धान्त शोषणाचे साधन आहे, तो टाकून द्या? साठ वर्षे ज्या विचाराने त्यांना ताठ उभे ठेवले तो काढून घेण्याचा अधिकार मला कोणी दिला? पण याच आत्यांनी, शेजारच्या घरी काकाकडे ठेवलेल्या पोराला रात्री मार बसतो असे कळले तेव्हा, त्याच्याही खात्यावर काही फिटायचे असेल असा विचार क्षणभर केला नाही. कंदील घेऊन गेल्या, काकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पोराला घरी आणून आपल्या गोधडीत घातले.

या दोन वागणुकींत विसंगती आहे असे एका शास्त्रीबुवांनी मला समजावून दिले. मला तेथे विसंगती दिसत नाही. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःविषयी उच्चारायचा आहे, ज्याने भोगले त्याने, भोगून झाल्यावर, आणि वाटले तर; दुसऱ्याच्या पाठीवरचे वळ पाहून तो उच्चारला की त्याच शब्दाची जात पालटते. गीतेने कर्माची गती गहन म्हटली आणि बुद्धाने कर्मविपाक अचिंत्यांत जमा केला, ते उगीच नव्हे. जे स्वतःच्या बाबतीत श्रद्धा म्हणून धरता येते ते दुसऱ्याच्या बाबतीत ज्ञान म्हणून सांगता येत नाही. लेखकाने आपल्या बालपणाला भोग म्हटले तर वाचकाने ते मान खाली घालून ऐकावे. त्याने म्हटले नसेल तर वाचकाने ते त्याच्या पानाच्या कडेला लिहू नये.

जन्मदात्रीविषयीच्या शेऱ्याचेही बहुतांशी हेच. आईबापांना देव मानण्याचा तैत्तिरीय उपनिषदातील उपदेश आपल्याला तोंडपाठ असतो. त्याच अनुवाकात आचार्य शिष्याला, आमची जी सुचरिते असतील तेवढ्यांचेच अनुसरण कर, इतरांचे नको, असेही सांगतात, ते पाठ करण्याची तसदी आपण घेतलेली नाही. आणि क्षमेच्या बाबतीत सर्वांना प्रल्हाद आठवतो. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नरसिंहाजवळ आपल्या बापाच्या शुद्धीचा वर मागतो हे खरे. पण तो केव्हा मागतो? खांब फुटल्यावर, हिरण्यकशिपूचे शरीर उंबरठ्यावर पडल्यावर, छळ निश्चितपणे संपल्यावर; आणि मागतो तो स्वतः. हत्ती, सर्प, विष आणि कडेलोट यांचा क्रम चालू असताना दरबारातील एखाद्या मानकऱ्याने पुढे होऊन, ‘झाले ते झाले, बापच आहे तुझा,’ असे त्या मुलाला सुनावले असते, तर पुराणकाराने त्याची जागा कोठे लावली असती हे सांगायला नको. डॉ. काळ्यांनी आईचे नाव लावले ते क्षमा म्हणून, अभिमान म्हणून की निव्वळ सत्य म्हणून, याचा निवाडा करायला वाचक बसला की तो नेमका त्या मानकऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

राहिली ती उभी रेघ. बायबलातील ईयोबाच्या कथेत, सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या त्या माणसाचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट बसून राहतात. मग ते बोलू लागतात, विद्वत्तेने बोलतात, देवाची बाजू मांडतात, तुझे काही पाप असल्याखेरीज हे व्हायचे नाही असे पटवू पाहतात; आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबावर नव्हे, आपली वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. रेघ ओढणारा वाचक सातव्या रात्रीपर्यंतचा मित्र असावा असे मला वाटत आले आहे. तोही कदाचित उगाच थांबला असेल. पेन्सिल मोडली असेल.

वाचक इतका बोलतो का, याचे कारण मात्र मला त्याच्या धार्मिकतेत सापडत नाही. तो उशिरा पोहोचलेला असतो. पुस्तकातले मूल पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मार खाऊन झालेले असते, मारणारा हात बहुधा सरणावर गेलेला असतो, आणि ज्या ठिकाणी हात धरायला हवा होता तेथे आता शब्दांखेरीज काही ठेवता येत नाही. म्हणून तो तेथे प्रारब्ध, भरपाई आणि क्षमा आणून ठेवतो. ही अगतिकता मी समजू शकतो. तिचे सिद्धान्तात रूपांतर होते आणि पुढे तोच सिद्धान्त वेळेवर पोहोचलेल्या माणसालाही अडवितो, तेथे माझे भांडण आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितल्याचे नमूद आहे. याचा अर्थ, ज्यांची पुस्तके अजून झालेली नाहीत अशी मुले आपल्याच आळीत आहेत. आमच्या पोलादपूरच्या वाड्यांवर तर पिढ्यान्‌पिढ्या कर्ती माणसे मुंबईला आणि पोरे आजी-काकांच्या हवाली, ही रीतच पडून गेली आहे. त्यातील बहुतेक आजी आमच्या आत्यांसारख्या असतात, हे खरे असले तरी बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याने ज्याला ज्याला अशा अपराधाची माहिती आहे त्याच्यावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे, आणि न कळविणे हा गुन्हा ठरविला आहे. ताब्यातील मुलाला क्रूरपणे वागविणाऱ्यासाठी २०१५ च्या बालन्याय अधिनियमात वेगळे कलम आहे. या कलमांची भाषा रूक्ष आहे, आणि तीत पूर्वजन्माला रकाना नाही. १०९८ या क्रमांकावर देशातून कोठूनही फोन करता येतो, त्याला पैसा पडत नाही. आमच्या वाचनप्रेमी मंडळींत तो क्रमांक पाठ असलेला मनुष्य मला अजून भेटायचा आहे. ज्यांना तो पाठ आहे असे एक गृहस्थ भेटले ते पोलादपूरच्या बाजूला एस.टी.वर वाहक आहेत, आणि आत्मचरित्रे वाचायला आपल्याला सवड होत नाही असे त्यांनी मला तिकीट फाडता फाडता सांगितले.